‘बरी जिरली’ म्हणजेच शमातत

पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द केला. बँक बुडते तेव्हा कुणाच्या लेकीच्या लग्नाचा पैसा अडकतो, कुणाच्या औषधपाण्याचा. आणि अशा वेळी आपल्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘व्याजाचा पैसा तो, बरकत कुठली? बरी जिरली!’

व्याज हराम आहे हे सांगणं वेगळं, आणि कुणाचं बुडालं म्हणून मनातून खूश होणं वेगळं. या दुसऱ्याला अरबीत शमातत म्हणतात. दीनदारीचा सदरा घालून आली की ती ओळखू येत नाही, म्हणून जास्त धोक्याची.

हसद तिची सख्खी बहीण. दुसऱ्याचं चांगलं झालं की पोटात दुखतं ती हसद. वाईट झालं की गुदगुल्या होतात ती शमातत. सूरह आलि इम्रानच्या १२०व्या आयतीत दोन्हींचा एकत्र उल्लेख आहे, आणि तिथे ते वैऱ्यांचं लक्षण सांगितलंय.

सूरह आराफमध्ये (आयत १५०) तर प्रसंगच आहे. कौम वासराची पूजा करू लागलेली पाहून हजरत मूसा (अ.) रागाने भाऊ हारून (अ.) यांचं डोकं धरून ओढतात. लोक मला मारूनच टाकणार होते, असं हारून सांगतात आणि विनवतात की शत्रूंना माझ्यावर हसायची संधी देऊ नका. जीव जाता जाता वाचलाय, तरी बोच आहे ती लोकांच्या हसण्याची! नबी करीम (स.) यांनीही शत्रूंच्या अशा हसण्यापासून अल्लाहकडे पनाह मागितली, हे सहीह बुखारीत आहे.

तिर्मिजीतल्या एका हदीसचा आशय असा, की भावाच्या संकटावर खुशी दाखवू नका. अल्लाह त्याच्यावर रहम करील आणि तुम्हाला त्यात टाकील. तिच्या सनदेबद्दल उलेमांत मतभेद आहेत, पण बाकीचे दाखले पुरेसे आहेत.

घोटाळा करणाऱ्याला शिक्षा व्हावी असं वाटणं मात्र शमातत नाही. तो इन्साफ. ज्याने फक्त पैसे ठेवले, त्याला त्याच रांगेत उभं करून हसणं, ही गफलत आपण करतो.

ठेव विमा ५ लाखांपर्यंतच मिळतो. कर्नाळाच्या ९५ टक्के ठेवीदारांना पूर्ण रक्कम मिळेल, असं रिझर्व्ह बँकेने तेव्हा सांगितलं होतं. उरलेल्यांना विम्यापलीकडच्या रकमेसाठी लिक्विडेटरकडे बघत बसावं लागतं. अशा माणसाला आपला पहिला प्रश्न असतो, ‘किती गेले?’ कागदपत्रं भरायला कुणी आहे का, हे क्वचितच कुणी विचारतं.