भाकर टाकणं वेगळं, पाळणं वेगळं

20 ऑक्टोबर 2022 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं दिलेल्या एका आदेशावर विदर्भात बरीच चर्चा झाली. रस्त्यावरच्या कुत्र्यांना खाऊ घालायचं असेल, तर आधी ती दत्तक घ्या, महापालिकेत नोंद करा आणि घरी नेऊन खाऊ घाला, असा त्याचा आशय होता. महिना उलटायच्या आत, 16 नोव्हेंबरला, सर्वोच्च न्यायालयानं त्याला लगाम घातला. कुत्र्याला घास देणाऱ्यानं ते दत्तकच घ्यावं, अशी सक्ती करता येणार नाही, हे स्पष्ट झालं. कायद्याच्या बाजूनं ते योग्यच झालं. पण खंडपीठानं ज्या दुखण्यावर बोट ठेवलं होतं, ते तसंच राहिलं: घास घालायचा, जबाबदारी मात्र घ्यायची नाही.

नागपूरपासून साठेक किलोमीटरवरच्या भंडाऱ्यातही हे दुखणं आहे. भंडारा, तुमसर, पवनी, साकोली, कुठेही जा. गल्लीतल्या कुत्र्याला उरलेला भात घालणारी माणसं भेटतात. त्याला वर्षाकाठी लस टोचून आणणारं क्वचितच कुणी भेटतं. 2019 च्या पशुगणनेत देशात सुमारे 1 कोटी 53 लाख भटकी कुत्री मोजली गेली. त्यांतली पावणेतेरा लाखांच्या आसपास महाराष्ट्रातली होती. एवढ्या कुत्र्यांना घरं मिळणं शक्य नाही. पण ज्याला कुत्रं हवंच आहे, त्यानं ते विकत न आणता यांतलंच एक का आणू नये?

असं कुत्रं आणायला निवारा केंद्रात गेल्यावर पहिला मोह होतो तो पिल्लाचा. पहिल्यांदाच कुत्रं पाळणाऱ्यानं तो आवरावा. पिल्लू घरभर शी-शू करतं, चपला कुरतडतं, दर काही तासांनी खायला मागतं. मोठं होऊन ते कसं निघेल, हेही सांगता येत नाही. दोन-तीन वर्षांच्या कुत्र्याचा स्वभाव मात्र समोर दिसतो. बहुधा त्याची नसबंदी आणि लसीकरणही झालेलं असतं. कानाला खाच दिसली, तर शस्त्रक्रिया झाल्याची ती खूण. केंद्रातल्या रोज खाऊ घालणाऱ्या माणसाला विचारा: हे लहान मुलांत कसं राहतं? ताटाजवळ गेलं तर गुरगुरतं का? दुसऱ्या कुत्र्याशी, मांजराशी, कोंबड्यांशी पटतं का? एकाच भेटीत निर्णय घेऊ नका. घरातल्या सगळ्यांना, विशेषतः ज्यांच्यावर दिवसभर त्याचं करायची वेळ येणार आहे त्यांना, सोबत न्या.

जात बघायची गरज नाही. आपलं गावठी कुत्रं आखूड केसांचं आणि काटक. मे महिन्यात पारा 45 अंशांकडे सरकतो, तेव्हा दाट केसांच्या विदेशी कुत्र्याचे हाल बघवत नाहीत. सावली आणि ताजं पाणी मात्र गावठीलाही लागतंच.

घरी आणल्यावर पहिले काही दिवस ते कोपऱ्यात बसून राहील, कदाचित खाणारही नाही. पाहुण्यांना बोलावून त्याचं प्रदर्शन मांडू नका. प्राणी सांभाळणाऱ्यांचा एक ठोकताळा आहे: तीन दिवस भीती जायला, तीन आठवडे घराची रीत कळायला, तीन महिने आपलं वाटायला. खाण्याची, फिरायची वेळ ठरलेली असली की ते लवकर रुळतं. नुसत्या भातावर ठेवू नका. सोबत अंडं, मांस किंवा काटे काढलेली मासळी द्या. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट आणि कोंबडीची शिजलेली हाडं वर्ज्य.

नागझिरा, कोका आणि उमरेड-पवनी-कऱ्हांडला या अभयारण्यांच्या आसपासच्या गावांनी आणखी एक पथ्य पाळायला हवं. अंगणात रात्री बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्याला आयतं भक्ष्य. रात्री ते घरात किंवा बंद पडवीतच हवं. दिवसा रानात मोकाट सोडणंही वाईट, कारण कुत्री हरणांच्या मागे लागतात. शिवाय डिस्टेंपरसारखा आजार कुत्र्यांकडून वन्यप्राण्यांपर्यंत पोचू शकतो. आपल्या कुत्र्याला टोचलेली लस जंगलाच्याही कामी येते.

लसीकरणात टाळाटाळ नको. रेबीजची पहिली लस तिसऱ्या महिन्यात, मग डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे दरवर्षी. गोचिडांवरचं औषध आणि जंतांची गोळीही वेळच्या वेळी. जवळचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना कुत्रं आणण्याआधीच बघून ठेवा. अवघड दुखण्यासाठी नागपूरच्या सेमिनरी हिल्सवरचं पशुवैद्यक महाविद्यालय आहेच. कुणाला चावलंच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि थेट सरकारी दवाखाना गाठा. हळद, चुना, मिरची लावत बसू नका.

कंटाळा आला म्हणून कुत्रं सोडून देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड अवघा 10 ते 50 रुपये, म्हणजे कायद्याचा धाक नावालाच. सर्वोच्च न्यायालयानं 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात कुत्री दत्तक घ्यायची वाट मोकळी ठेवली, पण दत्तक घेतलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर येता कामा नये, ही जबाबदारी घेणाऱ्यावर टाकली. कुत्रं दहा-पंधरा वर्षं जगतं. मुलांची शिक्षणं, बदल्या, म्हातारपण, हे सगळं त्या हिशेबात धरा.

आणि दिवाळीच्या दिवसांत कुत्रं आणायला निघू नका. तेव्हा फटाक्यांचे आवाज असतात. धानाच्या कापणीमुळे घरातली माणसं बांधीत असतात. भाऊबीजेनंतर गावोगावी मंडईच्या जत्रा, दंडारीचे खेळ आणि घरभर पाहुणे. नवख्या कुत्र्यासाठी याहून वाईट वेळ नाही. धान घरी येऊ द्या, पाहुणे जाऊ द्या. त्यानंतरही कुत्रं आणायची इच्छा तितकीच टिकून असेल, तर निवारा केंद्राची वाट जरूर धरा. नसेल, तर गल्लीतल्या एखाद्या कुत्र्याची वर्षाची लस आपल्या खर्चानं टोचून आणा. तेही काम लहान नाही.