गाडीचे मीटर आणि बँकेचा हप्ता

आमच्या लहानपणी रिसोड-मालेगावच्या रस्त्याने कमांडर आणि ट्रॅक्स धावत. आत बारा माणसे, मागे लटकलेली चार आणि टपावर गाठोडी. त्या गाडीचा मालक वेगळा, चालक वेगळा, आणि आपली माणसे बहुधा लटकलेल्या चारांत. आज चित्र पालटले आहे. वस्तीतला कुणी मंगरूळपीरच्या शाळेवर शिक्षक आहे, कुणी औषध कंपनीचा प्रतिनिधी म्हणून सहाही तालुके पालथे घालतो, कुणी एखाद्या कार्यालयाला करारावर गाडी लावतो. ही मुले आमच्याकडे येतात आणि विचारतात, "काका, छोटी एसयूव्ही घ्यायची म्हणतो. कोणती घेऊ?"

आम्ही वाणिज्य शाखेचे, जन्म कारकुनीत गेला. इंजिन खोलून बघण्याची विद्या आमच्याकडे नाही. पण जमाखर्च मांडता येतो, आणि गाडीच्या व्यवहारात फसगत होते ती बहुधा जमाखर्च न मांडल्यामुळेच. म्हणून रंग आणि सनरूफ बाजूला ठेवून आम्ही त्यांना एकच उलटा प्रश्न करतो : महिन्याला किती किलोमीटर?

वाशीमहून अकोल्याला रोज जाऊन-येऊन करणाऱ्याचे दिवसाचे दीडशेच्या पुढे होतात. महिन्याला तीन हजार सहज. गावातल्या गावात नोकरी आणि रविवारी सासुरवाडी, त्याचे पाचशेसुद्धा होत नाहीत. या दोघांनी एकाच शोरूममध्ये एकाच गाडीवर बोट ठेवले, तर त्यातला एक नक्की फसतो.

आधी ही छोटी एसयूव्ही म्हणजे काय ते समजून घेऊ. लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल किंवा सीएनजी इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत, अशा गाडीला कर कमी. २००६ पासून सरकारने ही रेघ ओढली आणि कंपन्यांनी तिच्या आत बसतील अशा उंच गाड्या काढल्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून रेघेच्या आतल्या गाडीवर जीएसटी १८ टक्के आहे, बाहेरच्या गाडीवर ४०. टाटाची नेक्सॉन व पंच, महिंद्राची एक्सयूव्ही ३एक्सओ, ह्युंदाईची व्हेन्यू, कियाची सॉनेट या रेघेच्या आतल्या. मारुतीची ब्रेझा लांबीने आत बसते, पण तिचे पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचे, म्हणून ती ४० टक्क्यांत. हे शोरूममधला पोरगा सांगत नाही. आणि नावात एसयूव्ही आहे म्हणून काळ्या मातीत घालू नका. यांतल्या बहुतेक गाड्यांची ओढ फक्त पुढच्या दोन चाकांना असते. पोट जमिनीपासून उंच, एवढाच फायदा. आषाढात सोयाबीनच्या वावराकडे जाणाऱ्या पांदणीत ती बैलजोडीनेच निघते.

आता जमाखर्च. पेट्रोल १०५ रुपये, डिझेल ९१ रुपये आणि सीएनजी ९० रुपये किलो असा भाव हिशेबापुरता धरू. कंपनी सांगते ते अ‍ॅव्हरेज विसरा. एसी चालू, चार माणसे, सामान, असे धरून पेट्रोलला १५, डिझेलला १८ आणि सीएनजीला किलोमागे २० पकडू. तीन हजार किलोमीटरला पेट्रोल लागेल २०० लिटर, म्हणजे २१,००० रुपये. डिझेलला सुमारे १५,१६७. सीएनजीला १३,५००.

डिझेल गाडी पेट्रोलपेक्षा सव्वा लाखाने महाग धरली, तर महिन्याला ५,८३३ रुपये वाचून तो सव्वा लाख साडेएकवीस महिन्यांत फिटतो. त्यानंतरची बचत घरात. पण महिन्याला हजारच किलोमीटर चालवणाऱ्याची बचत १,९४४ रुपये. त्याला सव्वापाच वर्षे लागतील. तोपर्यंत गाडी जुनी झालेली असते. खासगी गाडीवर आपल्या राज्यात रस्ता करही डिझेलला जास्त : दहा लाखांपर्यंतच्या गाडीला पेट्रोल ११ टक्के, डिझेल १३ टक्के. म्हणजे दहा लाखांच्या गाडीला वीस हजार जास्तीचे. आमच्या सव्वा लाखात हे धरलेले आहेत.

डिझेलची दुसरी अट पैशाची नाही, चालवण्याची आहे. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारी जाळी असते. ती काजळी जाळून टाकायला गाडी बराच वेळ एका दमात, चांगल्या वेगाने पळावी लागते. पाटणी चौकातून बसस्थानक आणि बसस्थानकातून घर, एवढेच रोजचे चालणे असेल तर जाळी तुंबते, दिवा लागतो आणि गॅरेजचे बिल हजारांत येते. हिंगोली किंवा अकोल्याच्या रस्त्याला रोज तास-दीड तास पळणाऱ्याला हा त्रास सहसा होत नाही. डिझेल हे पळणाऱ्याचे इंधन आहे. मारुतीने २०२० मध्ये डिझेल गाड्या बंद केल्या, बाकीच्या दोन-चार कंपन्यांनी ठेवल्या, त्या अशाच गिऱ्हाइकांसाठी.

सीएनजीचा आकडा सर्वांत गोड दिसतो. तिचा रस्ता करही कमी. जुलै २०२५ मध्ये एक टक्का वाढूनसुद्धा दहा लाखांपर्यंतच्या गाडीला आठ टक्के. परंतु टाकीत गॅस मावतो नऊ किलोच्या आसपास. वरच्या हिशेबाने एका भरण्यात १८० किलोमीटर, महिन्याला सतरा वेळा पंपाचे तोंड पाहायचे. पंप तुमच्या वाटेवरच असेल तर उत्तम. तो वाट सोडून दहा किलोमीटर आत असेल, तर येणे-जाणे धरून महिन्याला ३४० किलोमीटर फुकट आणि दीड हजारांचा गॅस त्यातच गेला. तरीही पेट्रोलपेक्षा ती स्वस्तच पडते. मात्र रांगेत प्रत्येक वेळी अर्धा तास गेला तर महिन्याचा एक आख्खा कामाचा दिवस गेला. हा दिवस भाड्याच्या गाडीला परवडतो का ते ज्याचे त्याने पाहावे. टाकीची चाचणी दर तीन वर्षांनी करून घ्यावीच लागते, ती चुकवू नका. आणि ब्रेझाचेच पाहा : पेट्रोलवर १०३ अश्वशक्ती, सीएनजीवर ८८. पाच माणसे आणि सामान घेऊन घाट चढताना हा फरक पायाला जाणवतो.

विजेच्या गाडीची चौकशीही होऊ लागली आहे. रोजचा ठरलेला शंभर-सव्वाशे किलोमीटरचा फेरा, रात्री गाडी स्वतःच्या अंगणात, आणि पंधरा अँपिअरचा प्लग ओढू शकेल असे घरचे मीटर, हे तिन्ही असेल तर पंच किंवा नेक्सॉनच्या विजेवरच्या गाडीला किलोमीटरमागचा खर्च पेट्रोलच्या पाव हिश्शाच्या आसपास येऊ शकतो. जीएसटी फक्त पाच टक्के. पण वस्तीतल्या बोळात गाडी शिरत नाही, ती रात्री रोडवर उभी राहते, अशांना आम्ही सध्या तरी नाही म्हणतो. वायर कुठवर ओढणार?

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आमच्या ओळखीचे एक कुटुंब. वडील सफाई खात्यातून निवृत्त झाले, हाती काही लाख आले. मुलाला एका कार्यालयाचे गाडी लावण्याचे काम मिळत होते. आठ लाखांचे कर्ज, बाकी वडिलांचे पैसे. मुलगा म्हणे सात वर्षांची मुदत घेऊ, हप्ता हलका पडतो. तेव्हा माउलीने, जिने शाळेचे तोंड पाहिले नाही, एकच प्रश्न विचारला : "हप्ता सरेपर्यंत गाडी राहीन काय रे बाबू?"

कॉमर्सच्या पुस्तकात याला घसारा म्हणतात. आम्ही कागद घेतला. आठ लाख, साडेनऊ टक्के व्याज. पाच वर्षांना हप्ता सुमारे १६,८००, सात वर्षांना सुमारे १३,०७५. हप्ता पावणेचार हजारांनी हलका, पण एकूण भरणा नव्वद हजारांनी जास्त. आणि महिन्याला तीन हजार किलोमीटर म्हणजे पाच वर्षांत मीटरवर १ लाख ८० हजार, सात वर्षांत २ लाख ५२ हजार. शेवटची दोन वर्षे क्लच, टर्बो, सस्पेन्शन हे सगळे बिल घेऊन दारात उभे राहणार आणि हप्ता आहे तसाच. नोकरदाराची गाडी सात वर्षांत सत्तर हजार चालते, त्याला लांब मुदत पचते. जास्त पळणाऱ्या गाडीचे कर्ज तिच्या अंगात दम आहे तोवरच फिटले पाहिजे. त्या मुलाने पाच वर्षांचीच मुदत घेतली आणि गाडी वरच्या मॉडेलऐवजी मधली घेतली. कर्जासाठी मुद्रा योजनेत प्रवासी वाहनही बसते, आणि महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या बीजभांडवल योजनेची चौकशी जिल्हा कार्यालयात अवश्य करावी. खासगी सावकाराच्या फायनान्सकडे सर्वांत शेवटी, आणि शक्यतो जाऊच नये.

वॉरंटीचेही असेच. तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटर, यांतले जे आधी होईल ते. तीन हजारवाल्याची वॉरंटी चौतिसाव्या महिन्यातच संपते. किलोमीटरची अट न घालता तीन वर्षे देणाऱ्याही कंपन्या आहेत, जास्त फिरणाऱ्याला ती मोठी गोष्ट. पण भाड्याच्या पासिंगला तीच वॉरंटी लागू आहे का, हे कागदावर लिहून घ्या. सर्व्हिस साधारण दहा हजाराला, म्हणजे तुमची वर्षातून तीन-चार वेळा. अकोल्याला गाडी टाकून दिवस घालवायचा की वाशीमलाच काम होते, हे गाडी घेण्याआधी पाहावे. टायरचा संच चाळीस-पन्नास हजारांत संपतो. तो वर्ष-सव्वा वर्षाचा खर्च हप्त्याच्या शेजारी आधीच लिहून ठेवा.

समृद्धी महामार्ग आपल्या मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा तालुक्यांतून जातो. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला आणि ५ जून २०२५ ला तो थेट मुंबईच्या दारी, आमणेपर्यंत पोचला. दीक्षाभूमीला जायचे म्हणजे पूर्वी रात्रभराचा प्रवास, आता सकाळी निघून सभेला हजर. मोटारीला ताशी १२० ची मर्यादा आहे, म्हणून पोरे १२० नेच हाकतात. ८० च्या तुलनेत १२० ला वाऱ्याचा अडथळा सव्वादोनपट होतो, आणि उंच गाडीच्या छातीवर तो जास्तच बसतो. अ‍ॅव्हरेज धाडकन पडते. दोनशे किलोमीटरला ९० ने गेलात तर १२० पेक्षा फक्त तेहतीस मिनिटे जास्त लागतात. पथकर एप्रिल २०२५ मध्ये किलोमीटरला २ रुपये ६ पैसे झाला, म्हणजे दोनशे किलोमीटरला ४१२ रुपये. डिझेलचा खर्च किलोमीटरला पाच रुपये असताना वर हे दोन. रोजच्या फेऱ्याला जुना रस्ता परवडतो का, ते बघाच. ऑगस्ट २०२५ ला सुरू झालेला फास्टॅगचा वार्षिक पास राष्ट्रीय महामार्गांसाठी आणि खासगी गाड्यांपुरता आहे. समृद्धीवर तो चालत नाही.

या रस्त्याला लागायचे तर पैशाआधी जीव. सिमेंटचा सरळ रस्ता, डोळा लागतो, टायर तापून फुटतो. २०२३ मध्ये झिजलेल्या टायरच्या गाड्या नाक्यावरून परत पाठवल्या गेल्या, ते बरेच झाले. गाडी घेताना धडक-चाचणीचे तारे विचारा. नेक्सॉन २०१८ मध्ये पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी ठरली, एक्सयूव्ही ३एक्सओला २०२४ मध्ये भारत एनकॅपचे पाच मिळाले. उलट बोलेरो निओला २०२४ मध्ये ग्लोबल एनकॅपने एकच तारा दिला. हे लिहिताना आम्हाला वाईट वाटते, कारण जिल्ह्यात बोलेरो म्हणजे घरचा माणूस. चार मीटरच्या आत, सात माणसे, डिझेल, मागच्या चाकांची ओढ, कुठेही दुरुस्त होणारी. खेड्यापाड्यांतले फेरे, शिवारातले रस्ते, यांसाठी ती अजूनही चोख. पण लेकराबाळांना घेऊन समृद्धीवर शंभराच्या पुढे न्यायची गाडी ती नव्हे.

भाडे मारणाऱ्यांना एक वेगळे सांगणे. पांढऱ्या पाटीवर पोहरादेवी-कारंजाची भाडी मारू नका. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते आणि मागे राहिलेल्यांच्या गळ्यात भरपाईचा बोजा पडतो. पिवळी पाटी, परमिट, फिटनेस यांचा खर्च धरूनच भाव सांगा. आणि टॅक्सी पासिंगला ताशी ८० चा वेगनियंत्रक बसतो. ८० च्या वर जायचेच नाही, तर मोठ्या टर्बोसाठी लाखभर जास्त कशाला मोजायचे? साधे इंजिन, मधले मॉडेल, मागच्या सीटवर तीन माणसे नीट बसतील एवढी रुंदी, हे पाहा.

जुनी घेणाऱ्यांनी दिल्लीकडून आलेल्या स्वस्त डिझेल गाड्यांपासून जपून राहावे. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्याने त्या इकडे विकल्या जातात. ना-हरकत दाखला, इकडचा कर, नोंदणी बदलून एमएच-३७ करण्याचा खर्च, सगळे मिळून स्वस्ताई उरते किती ते मोजा. मीटर मागे फिरवलेले असते. ब्रेकच्या पायपट्टीचे रबर गुळगुळीत झाले आहे आणि मीटर चाळीस हजार दाखवते, तर पायपट्टीवर विश्वास ठेवा. एप्रिल २०२३ च्या आधीची पेट्रोल गाडी असेल तर ती २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनलेली आहे का, हे कंपनीच्या पुस्तिकेत पाहा. नसेल तर अ‍ॅव्हरेज थोडे कमी धरा.

गाडी बघायला जाताना घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बरोबर न्या. त्यांना मागच्या सीटवर बसवा, वाशीम-रिसोड रस्त्यावर अर्धा तास फिरवून आणा, आणि उतरताना त्यांचा गुडघा काय म्हणतो ते विचारा. शोरूमवाला फक्त चौकातून वळवून आणतो म्हणाला, तर दुसऱ्या शोरूममध्ये जा.