नकाशातील रस्ता किती रुंद?

भूमितीतील रेषेला लांबी असते, रुंदी नसते. संगणकावरील नकाशात रस्ता साठविला जातो तो बहुधा अशाच रेषेच्या रूपाने: अक्षांश-रेखांश दिलेले काही बिंदू आणि त्यांना जोडणारी रेघ. पडद्यावर महामार्गाची रेघ जाड आणि गल्लीची बारीक दिसते. परंतु ही जाडी सामान्यतः रस्त्याच्या दर्जाची खूण असते, प्रत्यक्ष मोजमाप नव्हे.

खरी रुंदी म्हणून वेगळी नोंदवावी लागते. २००४ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या व स्वयंसेवकांनी जगभर वाढविलेल्या ‘ओपनस्ट्रीटमॅप’ ह्या मुक्त नकाशात रस्त्याला दोन निरनिराळ्या नोंदी जोडता येतात: मीटरमध्ये रुंदी आणि मार्गिकांची संख्या. वाहनांची एक रांग जाईल असा पट्टा म्हणजे मार्गिका. वाहने उभी करण्याची जागा त्या संख्येत धरीत नाहीत.

एका नोंदीवरून दुसरी काढता येणार नाही काय? नेहमीच नाही. १९३४ साली स्थापन झालेल्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत, शहराबाहेरील रस्त्यांसाठी, एका मार्गिकेस ३.७५ मीटर आणि दोन मार्गिकांस ७ मीटर रुंदी सांगितली आहे. ह्या दोहोंच्या मधला ५.५ मीटरचाही एक प्रकार आहे. त्यावर समोरासमोरची वाहने सावकाश एकमेकांना ओलांडतात. तथापि तेथे दोन पूर्ण मार्गिका आहेत असे म्हणता येत नाही.

हा केवळ काटेकोरपणाचा प्रश्न नव्हे. आगीचा मोठा बंब सुमारे अडीच मीटर रुंद असतो. नकाशात गल्ली आहे, पण तिची रुंदी नाही, असे असेल तर वाट शोधणारे यंत्र बंबाला दोन मीटरच्या बोळातही पाठवील. तो तोंडाशीच अडेल आणि मोलाची मिनिटे वाया जातील.

उपग्रहचित्रावरून रुंदी मोजता येते. परंतु चित्रातील एक ठिपका अर्ध्या मीटरचा असेल आणि दोन्ही कडांना एकेका ठिपक्याची चूक झाली, तर एक मीटरचा फरक पडतो. महामार्गाला तो क्षुल्लक, बोळाला निर्णायक! शिवाय झाडांची सावली कडा झाकते. म्हणून अरुंद वाटांसाठी मोजपट्टीच खरी.

विद्यार्थ्यांनी रहदारी नसताना, वडीलधाऱ्यांच्या सोबतीने, आपली गल्ली मोजून पाहावी. मोजावी ती मात्र तिच्या सर्वांत अरुंद जागी. कारण वाहन अडते ते तेथेच.