तुमचा निबंध राहतो कोठे?

एक कोडे घालतो. शाळेच्या संगणकावर तुम्ही ‘माझा आवडता ऋतू’ हा निबंध अर्धा लिहिलात. तास संपला, संगणक बंद झाला. रात्री आईच्या मोबाइलवर तोच निबंध उघडलात आणि उरलेला पुरा केलात. वही आणली नाही, की पेन ड्राइव्ह खिशात घातला नाही. मग हा निबंध राहतो तरी कोठे? शाळेत, मोबाइलमध्ये, की आणखी कुठे?

उत्तर शोधायचे तर ब्राउझरची नीट ओळख करून घ्यायला हवी. क्रोम, फायरफॉक्स, सफारी, एज ही ब्राउझरांचीच नावे. इंग्रजीत ‘ब्राउझ’ या शब्दाचा जुना अर्थ मोठा गमतीचा आहे. शेळ्या कोवळा पाला इथून थोडा, तिथून थोडा खुडत हिंडतात ना, तेच ब्राउझ करणे!

पाने जुळवणारा

जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधन संस्थेत देशोदेशीचे शास्त्रज्ञ येत. प्रत्येकाचा संगणक निराळा, माहिती साठवण्याची पद्धत निराळी. एकाचे दुसऱ्याने वाचायचे म्हणजे मोठी खटपट. १९८९ साली टिम बर्नर्स-ली यांनी यावर तोड सुचवली: माहितीच्या प्रत्येक पानाला पत्ता द्यावा, पाने एकमेकांना जोडावीत आणि ती कोणत्याही यंत्रावर वाचता यावीत. १९९० मध्ये त्यांनी पहिला ब्राउझर लिहिला. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ही सारी पद्धत सर्वांना विनामूल्य खुली केली. त्याच वर्षी अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात ‘मोझेक’ हा ब्राउझर तयार झाला. त्यात मजकुराच्या जोडीला, त्याच पानावर, चित्रेही दिसत. मग सामान्य माणसेही इकडे वळली.

आता ब्राउझरचे काम पाहू. तुम्ही पत्ता टाकलात की दूरच्या एका संगणकाकडे, म्हणजे सर्व्हरकडे, मागणी जाते. तेथून खुणा केलेला मजकूर येतो: हे शीर्षक, हा परिच्छेद, येथे चित्र. पूर्वी छापखान्यात जुळारी हस्तलिखितावरील खुणा पाहून खिळे जुळवीत असे. ब्राउझर तुमच्या पडद्याच्या रुंदीप्रमाणे तसेच पान जुळवतो. म्हणूनच एकच पान मोबाइलवर अरुंद आणि संगणकावर रुंद बसते.

पान कामाला लागले

ही पाने सुरुवातीला नुसती वाचण्यापुरती होती. १९९५ साली ब्रेंडन आइक यांनी अवघ्या दहा दिवसांत एका भाषेचा पहिला नमुना तयार केला. तीच जावास्क्रिप्ट. आता पानाबरोबर सूचनाही येऊ लागल्या, आणि पान गणिते करू लागले, खेळ खेळू लागले.

तरी एक अडचण होती. एवढासा बदल हवा असला तरी संपूर्ण पान पुन्हा मागवावे लागे. १९९९ च्या इंटरनेट एक्स्प्लोरर ५ मध्ये अशी सोय झाली की, पान जागेवरच राहून हवा तेवढाच तुकडा मागवी. २००४ सालचे जीमेल आणि २००५ सालचे गूगल मॅप्स यांनी ही युक्ती फार सुरेख वापरली. नकाशा लहान लहान चौकोनांत कापलेला असे. तुम्ही तो सरकवलात की नवे चौकोन तेवढे येत.

पाने अशी अवजड झाल्यावर ब्राउझर रेंगाळू लागले. एक पान अडले की सगळीच बंद पडत. २००८ साली आलेल्या क्रोमने जहाजाचे उदाहरण गिरवले. जहाजाच्या तळाशी वेगवेगळे कप्पे असतात. एकात पाणी शिरले तरी जहाज बुडत नाही. तशी पाने निरनिराळ्या कप्प्यांत चालू लागली. शिवाय जावास्क्रिप्टचे थेट यंत्राच्या भाषेत भाषांतर होऊ लागले, त्यामुळे वेग कितीतरी वाढला. २०११ मध्ये तर जवळजवळ सर्व कामे ब्राउझरमधूनच करणारे ‘क्रोमबुक’ विक्रीस आले.

पण परक्याचा प्रोग्रॅम आपल्या यंत्रावर चालवणे धोक्याचे नाही का? आहे. म्हणून ब्राउझर त्याला कुंपणात ठेवतो. तुमच्या परवानगीवाचून त्याला तुमच्या फायली वाचता येत नाहीत, की कॅमेरा सुरू करता येत नाही. ‘परवानगी द्या’ असे पान विचारते तेव्हा ते कुंपणाचे फाटक उघडायला सांगत असते, हे ध्यानात ठेवा.

करून पाहा

१. ब्राउझरमध्ये एखादा नकाशा उघडा. मग इंटरनेट बंद करून तो सरकवा. आधी पाहिलेला भाग दिसेल, नवा भाग रिकामा किंवा धूसर राहील. सरकवण्याचे काम तुमचे यंत्र करते, नकाशा मात्र दुसरीकडे आहे.

२. संगणकावर एक बातमी उघडा. शीर्षकावर माउसची उजवी कळ दाबून ‘इन्स्पेक्ट’ निवडा. खुणांसह मजकूर दिसेल. त्यातील शीर्षकावर दोनदा टिचकी देऊन ते बदला. पडद्यावरची बातमी बदलली! आता शेजारच्या संगणकावर पाहा. तेथे ती जशीच्या तशी आहे. तुम्ही फक्त आपली प्रत बदललीत. तेव्हा पडद्याचा फोटो कोणी पुरावा म्हणून दाखवला, तर त्यावर किती विसंबायचे?

एकाच्याच हाती

१९६० च्या दशकात एकाच मोठ्या संगणकाला अनेक टर्मिनले जोडत. सारी बुद्धी मधल्या यंत्रात असे. पुढे संगणक घरोघरी आले, आणि प्रोग्रॅम व फायली प्रत्येकाच्या टेबलावर आल्या. आज फायली पुन्हा दूर गेल्या आहेत. मात्र तुमच्यापुढचे यंत्र आता बुद्धू राहिलेले नाही.

इतिहासातला एक धडाही विसरू नका. २००१ साली इंटरनेट एक्स्प्लोरर ६ आला, तेव्हा बहुतेक सगळे त्याच कंपनीचा ब्राउझर वापरत. स्पर्धक उरला नाही. पुढची आवृत्ती यायला २००६ उजाडले! मधल्या काळात, २००४ मध्ये, फायरफॉक्स पुढे आला आणि सुधारणांना पुन्हा वेग आला. आज क्रोम, एज, ऑपेरा यांचा गाभा एकच आहे. फायरफॉक्स आणि सफारी यांचे गाभे वेगळे आहेत. ते टिकणे म्हणूनच सर्वांच्या हिताचे आहे.

आता कोड्याचे उत्तर तुम्हीच दिले असेल. अक्षरे उमटतात तुमच्या यंत्रावर, निबंध मात्र राहतो ती सेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर. ती सेवा उद्या बंद झाली तर? म्हणून निबंध पुरा झाला की त्याची एक प्रत आपल्या यंत्रावर उतरवून ठेवा. आजच!