चारशे वर्षं पुढे आलेली राणी

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये एक काळाकुळकुळीत आरसा आहे. काचेचा नव्हे, ज्वालामुखीतून निघालेल्या दगडाचा, मेक्सिकोच्या अ‍ॅझ्टेक लोकांनी घासून चकचकीत केलेला. तो जॉन डी याचा म्हणून ओळखला जातो. हा डी गणिती होता, ज्योतिषी होता आणि देवदूतांशी बोलायच्या ध्यासाने झपाटलेला होता. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या राज्याभिषेकाचा दिवस, 15 जानेवारी 1559, यानेच काढून दिला. होय, चक्क मुहूर्त! तो काय फक्त आपल्याकडेच बघतात?

आता या डीला नेऊन बसवा पंक म्हणवणाऱ्या बंडखोर पोरांच्या सिनेमात. डेरेक जार्मनने तेच केलं. 1978 साली आलेल्या त्याच्या ‘ज्युबिली’त पहिली एलिझाबेथ डीकडे भविष्य पाहायचा हट्ट धरते, डी एरिअल नावाच्या देवदूताला बोलावतो, आणि राणी थेट चारशे वर्षं पुढे! दिसतं काय? दुसरी एलिझाबेथ कुठल्याशा उजाड जागी लुटीत मारली गेलीय. बकिंगहॅम पॅलेसचा रेकॉर्डिंग स्टुडिओ झालाय. मुकुट आहे पोरींच्या एका टोळीच्या म्होरकीकडे, बॉडकडे. आणि बॉडचा चेहरा नीट बघा. पहिली एलिझाबेथ आणि ही गुंड बाई, दोन्ही भूमिका एकाच नटीच्या, जेनी रनेकरच्या! चित्रीकरण झालं 1977 मध्ये, म्हणजे खऱ्या राणीच्या कारकिर्दीला पंचवीस वर्षं झाली म्हणून गल्लोगल्ली पताका लागल्या होत्या त्याच वर्षी. हिंमत म्हणजे केवढी!

पण इतकं उद्ध्वस्त लंडन उभं करायला पैसा कुठून आला? उभं करावंच लागलं नाही. मालवाहतूक कंटेनरमधून होऊ लागली, ती अजस्र जहाजं थेम्सवरच्या जुन्या गोद्यांत मावेनात, म्हणून गोद्या एकेक करून बंद पडल्या. सरे डॉक्स तर 1970 मध्येच. मागे उरली ओस गोदामं आणि ओसाड मैदानं. जार्मन स्वतः नदीकाठच्या अशा गोदामांत राहिलेला. कॅमेरा घेऊन बाहेर पडलं की जगबुडी तयारच.

आणि नट? एमिल नायट्रेट या पात्राच्या भूमिकेतली जॉर्डन किंग्ज रोडवरच्या ‘सेक्स’ या कपड्यांच्या दुकानात विक्रेती होती. तिचा अवतार पाहून आगगाडीत इतका गोंधळ व्हायचा, की रेल्वेवाले तिला पहिल्या वर्गाच्या डब्यात नेऊन बसवायचे. हीच जॉर्डन लहानपणी बॅले शिकलेली. सिनेमात ती शेकोटीभोवती बॅले नाचते, आगीत पुस्तकं जळतायत, आणि बघणाऱ्याची नजर हलत नाही.

हा तुकडा घरगुती सुपर 8 कॅमेऱ्यावरचा, ज्याची एक चौकट जेमतेम 6 मिलिमीटर रुंद. जार्मनची सुपर 8 वरची लाडकी युक्ती अशी: सेकंदाला नेहमीपेक्षा खूप कमी चौकटी टिपायच्या, त्या पडद्यावर सावकाश दाखवायच्या आणि पुन्हा चित्रित करायच्या. वहीच्या कोपऱ्यात काढलेली चित्रं भराभर न उलटता एकेक रेंगाळत उलटावी, तशी हालचाल होते. माणूस नाचतोय की आठवणीत तरंगतोय, कळेनासं होतं. स्वस्तातल्या साधनाची उणीव हीच त्याची जादू!

माझ्या मते मात्र सिनेमाचा खरा चटका बॉर्जिया जिन्झमध्ये आहे. हा साऱ्या वाहिन्यांचा आणि रेकॉर्ड कंपन्यांचा मालक खदाखदा हसत सगळ्यांना विकत घेतो, कारण बंडखोर असो की बिशप, करारावर सही करायला सगळेच येतात. जगाला काय दिसावं हे ठरवणारा हा माणूस साकारलाय जॅक बर्केट या अंध नटाने! नवखा गायक अ‍ॅडम अँट इथे किड नावाचा पोरगा होऊन जिन्झच्या गळाला लागतो.

पुढे काय झालं? 1981 मध्ये अ‍ॅडम अँटची दोन गाणी ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचली आणि त्याच वर्षी तो रॉयल व्हरायटीच्या शाही कार्यक्रमात गायला. टोळीतल्या मॅड नावाच्या पोरीची भूमिका करणारी टोया विलकॉक्स पॉप तारका झाली. डीचा आरसा तरी यापेक्षा नेमकं काय दाखवणार होता?

सिनेमा आला तेव्हा पंकवाले खवळलेच होते. जॉर्डन जिथे काम करायची त्या दुकानाची एक मालकीण, पंकांना कपडे देणारी व्हिव्हिएन वेस्टवुड, इतकी चिडली की तिने जार्मनला जाहीर पत्र लिहिलं आणि तेही टी-शर्टवर छापून. चौदा वर्षांनी, 1992 मध्ये, हीच वेस्टवुड राणीच्या हस्ते सन्मान घ्यायला बकिंगहॅम पॅलेसमध्ये गेली. बाहेर येऊन तिने छायाचित्रकारांसमोर स्कर्ट उडवत अशी गिरकी घेतली की आत काहीच घातलेलं नाही हे साऱ्या देशाला कळलं.