नुस्तें, हुमण आणि दुभाषी

स्पॅनिशमधून गॅलिशियनमध्ये पाककृती नेणारा अनुवादक कसा शोधावा, हा प्रश्न निरवांगीसारख्या नीरेच्या खोऱ्यातल्या गावाला दूरचा वाटेल. मला तो घरचाच वाटतो.

गॅलिसिया हा स्पेनच्या वायव्य टोकाचा प्रदेश. १९८१च्या स्वायत्तता कायद्याने तिथे स्पॅनिशच्या जोडीला गॅलिशियन राजभाषा झाली. ती पोर्तुगीजची सख्खी बहीण. बहुतेकांना दोन्ही भाषा कळतात, आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. स्पॅनिशमध्ये बटाट्याला ‘पताता’ म्हणतात, गॅलिशियनमध्ये ‘पताका’. वारीच्या वाटेवरच्या माणसाला पताका म्हटल्यावर काय दिसेल, हे सांगायला नको. गॅलिशियन लोक ज्या ऑक्टोपसला ‘जत्रेतला’ म्हणतात, त्यालाच स्पॅनिशमध्ये ‘गॅलिशियन पद्धतीचा’ म्हणतात. एका नावात जत्रा आहे, दुसऱ्यात परक्याची नजर.

आपल्याकडे हेच नाते मराठी-कोकणीचे. गोव्यात १९८७च्या कायद्याने कोकणी राजभाषा झाली, मराठीच्या वापरालाही मुभा राहिली. १९९२ साली कोकणी आठव्या अनुसूचीत आली. लिपी एक, शब्द ओळखीचे, म्हणून दुभाषी लागतोच कशाला, असे वाटते. पण कोकणीत ‘नुस्तें’ म्हणजे मासे. आपल्याकडे ‘शीत’ म्हणजे भाताचा एक कण, तिकडे अख्खा भात. ‘हुमण’ म्हणजे माशांची आमटी; आमच्या ऊसपट्ट्यात ‘हुमणी’ म्हणजे उसाची मुळे खाणारी अळी. ‘सुंगटां’ म्हणजे कोळंबी, हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या अनुवादामुळे कोळंबी न सोसणाऱ्याच्या जिवावरही बेतू शकते.

म्हणून पारख करताना मी तीन गोष्टी पाहतो. पहिली, अनुवादक आपल्या मातृभाषेत लिहितो का. दुसरी, त्याने चूल सांभाळली आहे का. ‘परतणे’ आणि ‘तळणे’ यांतला फरक कोशापेक्षा कढईपाशी लवकर कळतो. तिसरी कसोटी सर्वांत खात्रीची: त्याच्याकडून एकच पाककृती करून घ्यावी आणि मूळ न पाहिलेल्या माणसाला त्यावरून रांधायला सांगावे. रांधणारा जिथे अडतो, तिथे अनुवाद कच्चा असतो.

काय बदलायचे, हेही आधी ठरवावे. आमच्याकडचा हुलगा तिकडे कुळीथ, म्हणजे शब्द बदलला तरी धान्य तेच. तिरफळ मात्र आमच्या बाजारात सहसा दिसत नाही. त्याचे नाव तसेच ठेवून ओळख द्यावी. त्याच्या जागी गुपचूप मिरी घालणे हा अनुवाद नव्हे, भेसळ आहे.

प्रत्यक्ष वर्गात बोलणाऱ्या दुभाष्याची गोष्ट वेगळी. लेखी अनुवादक कोश उघडू शकतो. दुभाष्याला फोडणी जळायच्या आत बोलावे लागते. त्यामुळे साहित्याची यादी आणि शब्दांचा तक्ता त्याच्या हाती आदल्या दिवशीच द्यावा.

दूरची भाषा निदान आपल्याला सावध ठेवते. जवळची भाषा कळल्यासारखी वाटते, म्हणून तिच्यासाठी माणूस अधिक पारखून घ्यावा लागतो.