आजाराचा पत्ता
मुंबईच्या वस्त्यांवरचं आरोग्य-संशोधन काय सांगतं?

जुलै 2020 मध्ये, कोविडची पहिली लाट भरात असताना, मुंबईत रक्ताच्या नमुन्यांची एक पाहणी झाली. दहिसरचा आर-उत्तर, चेंबूरचा एम-पश्चिम आणि माटुंग्याचा एफ-उत्तर या महापालिकेच्या तीन विभागांतून जवळपास सात हजार नमुने गोळा केले गेले. टाटा मूलभूत संशोधन संस्था, नीती आयोग आणि महापालिका यांनी मिळून हे काम केलं. झोपडपट्टीत राहणाऱ्या 57 टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली. त्याच विभागांतल्या इमारतींमध्ये हे प्रमाण 16 टक्के निघालं. विषाणू एकच, महापालिका एकच, टाळेबंदीही सगळ्यांना सारखीच. संडास किती घरांत मिळून एक, नळावर किती हंड्यांची रांग आणि एका खोलीत किती माणसं झोपणार, यात मात्र जमीनअस्मानाचा फरक होता.

या आकड्यांनी तेव्हा खळबळ उडाली. खरं तर त्यात नवल वाटण्यासारखं फारसं नव्हतं. 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे 42 टक्के मुंबईकर झोपडपट्टीत राहत होते. 2009 च्या मुंबई मानव विकास अहवालात शहराच्या 24 विभागांमध्ये गोवंडी-मानखुर्दचा एम-पूर्व विभाग अगदी तळाशी होता. डॉक्टर, वैद्यकीय महाविद्यालयं, सामाजिक संस्था आणि वस्तीतली मुलंमुली ही विषमता गेली कित्येक वर्षं मोजत आली आहेत. हे सगळं संशोधन एकत्र वाचलं की एक गोष्ट लख्ख दिसते: आजाराची नोंद दवाखान्यात होते, पण त्याचं कारण बहुतेक वेळा पाणी खात्यात किंवा इमारतीच्या नकाशांवर सही करणाऱ्या टेबलावर सापडतं. आणि त्या टेबलापर्यंत हे संशोधन क्वचितच पोहोचतं.

प्लेगची दोन अपत्यं

ही कथा जुनी आहे. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवीच्या दाट वस्तीत मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचं निदान केलं. पाठोपाठ जीवाणुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन मुंबईत आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था ही त्याच कामाची पुढची पायरी.

प्लेगचं दुसरं अपत्य म्हणजे 1898 मध्ये स्थापन झालेला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. रोग अंधाऱ्या, कोंदट घरांत वाढतो हे डॉक्टरांचं म्हणणं सरकारला पटलं आणि समुद्राचा वारा आत यावा म्हणून रुंद रस्ते आखले गेले. प्रिन्सेस स्ट्रीट हे त्याचं ठळक उदाहरण. वैद्यकाचं मत थेट नगररचनेपर्यंत पोहोचल्याचे असे प्रसंग थोडेच. पण ट्रस्टने सुरुवातीच्या वर्षांत जितक्या खोल्या पाडल्या तितक्या बांधल्या नाहीत. उठवलेले भाडेकरू शेजारच्याच चाळींत घुसले आणि तिथली गर्दी आणखी वाढली. निदान बरोबर, उपचार चुकीचा. कारण ज्यांच्यावर उपचार करायचा त्यांना कुणी विचारलंच नाही. पुढच्या सव्वाशे वर्षांच्या कथेत हा मुद्दा पुन्हा पुन्हा भेटतो.

धारावीतली औषधाची चिठ्ठी

वस्तीतल्या आरोग्याचा सर्वांत सविस्तर अभ्यास झाला तो क्षयाच्या निमित्ताने. डॉ. मुकुंद उपळेकर आणि सहकाऱ्यांनी 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धारावीतल्या शंभराच्या आसपास खासगी डॉक्टरांच्या चिठ्ठ्या तपासल्या. एकाच रोगासाठी औषधांच्या 80 वेगवेगळ्या जुळण्या आढळल्या. जवळपास वीस वर्षांनी डॉ. झरीर उदवाडिया यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत 106 डॉक्टरांनी 63 तऱ्हेचे उपचार लिहिले. बरोबर चिठ्ठी लिहिणारे होते फक्त सहा, आणि औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावर योग्य उपचार लिहिणारे तीन.

त्याचे परिणाम दिसायला वेळ लागला नाही. 2011 च्या अखेरीस उदवाडिया आणि हिंदुजा रुग्णालयातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी उपलब्ध असलेल्या कुठल्याच औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण नोंदवले. चौघांपैकी तिघांना आधी अनेक खासगी डॉक्टरांनी अर्धवट, कुणाच्याही देखरेखीविना औषधं दिली होती. केंद्र सरकारने ‘पूर्णतः औषधरोधक’ या त्यांनी वापरलेल्या नावावर आक्षेप घेतला. नावावरून वाद झाला, पण रुग्ण खरे होते.

रुग्ण सरकारी केंद्रात का जात नाही, याचं उत्तर त्याच्या हजेरीपुस्तकात आहे. ओपीडी सकाळी असते. तिथे गेलं तर कामाचा खाडा. कोपऱ्यावरचा डॉक्टर रात्री दहालाही भेटतो आणि दोन दिवसांची औषधं देऊन बोळवण करतो. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी मुंबई आणि पाटण्यातल्या अशा दवाखान्यांत प्रशिक्षित माणसं रुग्ण बनवून पाठवली गेली. योग्य हाताळणी झाली ती सुमारे 35 टक्के भेटींमध्ये. दरम्यान, 2014 पासून मुंबईत खासगी डॉक्टरांना सरकारी क्षय कार्यक्रमाशी जोडून मोफत तपासणी आणि औषधं देण्याचा प्रयोग सुरू झाला होता. दोष देत बसण्याऐवजी या डॉक्टरांना सोबत घ्यावं लागतं, हे संशोधनातूनच उमगलं. नोव्हेंबर 2022 मध्ये धारावीतून सुरू झालेल्या ‘आपला दवाखाना’ योजनेत संध्याकाळीही दवाखाना उघडा ठेवला गेला, तो कामाचा खाडा टळावा म्हणून.

कौला बंदरचं पाणी

रे रोडजवळ, बंदराच्या जमिनीवर कौला बंदर ही वस्ती आहे. जमीन केंद्राच्या ताब्यातली, वस्ती अघोषित; त्यामुळे तेव्हा महापालिकेचा नळ नव्हता. मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी स्थापन केलेल्या ‘पुकार’ या संस्थेने इथे काम केलं. संशोधक रामनाथ सुब्बारामन आणि सहकाऱ्यांबरोबर माहिती गोळा करणारे तरुण होते वस्त्यांमधलेच. त्यांना तिथे ‘बेअरफूट संशोधक’ म्हणतात.

2013 च्या त्यांच्या पाण्यावरच्या अभ्यासातले आकडे वाचून झोप उडावी. 95 टक्के घरांना माणशी दिवसाला 50 लिटरपेक्षा कमी पाणी मिळत होतं. महापालिकेचा दर तेव्हा हजार लिटरला सव्वादोन रुपये होता. इथली कुटुंबं त्याच्या 52 ते 206 पट पैसे मोजत होती. म्हणजे शहरातलं सर्वांत महाग पाणी शहरातले सर्वांत गरीब लोक विकत घेत होते. पावसाळ्यात निम्मे नमुने येतानाच दूषित होते. इतर ऋतूंत येणारं पाणी चांगलं असलं तरी घरात साठवलेलं पिण्याचं पाणी मात्र बिघडलेलं होतं, कारण कधी येईल याची खात्री नसलं की माणूस पाणी साठवणारच.

2014 मध्ये याच वस्तीतल्या मानसिक आरोग्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. 521 प्रौढांपैकी 23 टक्के मानसिक विकाराच्या मोठ्या धोक्यात होते. पाणी, संडास आणि घर पाडलं जाण्याची भीती हे त्यांचे रोजचे ताण. यावर कुठलीही गोळी पुरी पडणार नाही. याच सुमारास, डिसेंबर 2014 मध्ये, पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की वस्ती बेकायदा असली तरी तिथल्या माणसाचा पाण्यावरचा हक्क जगण्याच्या हक्कात येतो. आजवरच्या कुठल्याही औषधयोजनेपेक्षा हा निकाल आरोग्यासाठी मोलाचा आहे.

न जमलेल्या प्रयोगाची गोष्ट

लोकमान्य टिळक म्हणजे सायन रुग्णालयात नवजात बालकांच्या विभागात काम करणाऱ्या, पुढे तिथल्याच अधिष्ठाता झालेल्या डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी तिथे सुरू केली. वाचवलेली बाळं घरी जाऊन पुन्हा आजारी पडत होती. त्यातूनच 1999 मध्ये ‘स्नेहा’ ही संस्था उभी राहिली.

स्नेहाने लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजबरोबर केलेला एक प्रयोग मुद्दाम सांगण्यासारखा आहे. नेपाळ आणि झारखंडच्या खेड्यांत बायकांचे गट जमवून, बाळंतपणाविषयी त्यांनीच बोलावं आणि मार्ग काढावा, या साध्या उपायाने नवजात मृत्यू लक्षणीय घटले होते. तोच उपाय मुंबईच्या 48 वस्त्यांत आजमावला गेला. निम्म्या वस्त्यांत गट, निम्म्यांत नाही. 2012 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: बाळंतपणाच्या काळजीत फरक पडला नाही आणि नवजात मृत्यूही घटले नाहीत. संस्थेने हे अपयश लपवलं नाही. खेड्यात दवाखाना दूर असतो. मुंबईत बहुतेक बाळंतपणं आधीच दवाखान्यात होत होती. तिथे प्रश्न होता तो दवाखान्याच्या आत मिळणाऱ्या सेवेचा आणि वेळेवर मोठ्या रुग्णालयात पाठवण्याचा. गावचं औषध शहराला तसंच्या तसं लागू पडत नाही, हे ज्ञानही मोलाचं. पुढे वस्तीतल्या केंद्रांवर झालेल्या, 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कुटुंब नियोजनाची गरज भागण्यात सुधारणा दिसली. लसीकरणात मात्र ठोस फरक आढळला नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये गोवंडीत गोवराने मुलं दगावली, तेव्हा या शेवटच्या वाक्याचा अर्थ साऱ्या शहराला कळला.

तीन मीटरचं अंतर

झोपडी गेली, पक्की इमारत आली की आजार जातील, असा आपला समज. एम-पूर्व विभागातल्या तीन पुनर्वसन वसाहतींच्या अभ्यासाने तो मोडला. डॉक्टर्स फॉर यू ही संस्था आणि आयआयटी मुंबईतले संशोधक यांनी लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजी कॉलनी इथे क्षयाचे रुग्ण आणि इमारतींची रचना यांची सांगड घातली. रस्ते आणि रेल्वे प्रकल्पांसाठी उठवलेली कुटुंबं ठेवलेल्या पहिल्या दोन वसाहतींत इमारतींमधलं अंतर जेमतेम तीन मीटर. खालच्या मजल्यांवर ना ऊन, ना वारा. आणि क्षयाचं प्रमाण तिथेच जास्त. मोकळ्या रचनेच्या पीएमजी कॉलनीत ते बरंच कमी.

व्हिएगस-हाफकिनच्या काळातल्या डॉक्टरांना जे ठाऊक होतं तेच शंभराहून अधिक वर्षांनी नव्याने सिद्ध करावं लागलं. पुनर्वसनाच्या योजनांना मोकळ्या जागेच्या नियमांत सवलत दिली गेली आणि त्या सवलतीची किंमत रहिवाशांच्या फुप्फुसांनी मोजली.

महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर

यात वैद्यकीय शिक्षणाचा वाटा किती? मुंबईच्या महापालिकेची स्वतःची वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, असं भाग्य देशातल्या फार थोड्या शहरांना लाभलं. केईएमचं मालवणीत आणि सायनचं धारावीत आरोग्य केंद्र आहे. धारावीतल्या केंद्राला लोक ‘छोटा सायन’ म्हणतात. इंटर्न डॉक्टर तिथे पोस्टिंगला जातात. एमडी करणाऱ्या प्रत्येकाला प्रबंध लिहावा लागतो, आणि पीएसएमच्या, म्हणजे आताच्या कम्युनिटी मेडिसिनच्या, विद्यार्थ्यांना वस्तीइतकं जिवंत क्षेत्र दुसरं कुठलं मिळणार?

तरीही वर पाहिलेलं बरंचसं गाजलेलं काम सामाजिक संस्था, खासगी रुग्णालयं आणि परदेशी विद्यापीठांच्या पुढाकाराने झालं. आपल्या महाविद्यालयांत पीएसएम ही गुणवत्ता यादीत खाली असलेल्यांनी घ्यायची शाखा मानली जाते. प्रबंध परीक्षेपुरता लिहिला जातो आणि ग्रंथालयात बांधून ठेवला जातो. ज्या आरोग्यसेविका दारोदार फिरून माहिती आणतात, त्यांचं नाव शोधनिबंधावर नसतं. महाविद्यालय, पाणी खातं आणि इमारत प्रस्ताव विभाग हे तिन्ही एकाच महापालिकेचे. पण मालवणीतल्या अतिसाराच्या नोंदी पाहून एखादी जलवाहिनी बदलली गेली, असं सहसा ऐकू येत नाही.

आता धारावीचा पुनर्विकास सुरू आहे. 1927 पासून कचरा टाकला जात असलेल्या देवनारच्या भूमीवरची 124 एकर जागा धारावीतल्या काही कुटुंबांना घरं देण्यासाठी वापरण्याचा निर्णय राज्य सरकारने 2024 मध्ये घेतला. हा भाग त्याच एम-पूर्व विभागात येतो. या संशोधनाची खरी परीक्षा आता आहे. पुनर्वसनाच्या प्रत्येक इमारतीचा नकाशा मंजूर होण्यापूर्वी ऊन, वारा आणि पाणी यांचा आरोग्य-अहवाल सक्तीचा करावा. तो महापालिकेच्याच वैद्यकीय महाविद्यालयाने तिथे राहायला जाणाऱ्यांना सोबत घेऊन तयार करावा आणि मराठीत जाहीर करावा. यासाठी नव्या संशोधनाची वाट पाहण्याची गरज नाही. लागणारा पुरावा हाताशी आहे. असा अहवाल मागण्याचा हक्क मुंबईकर म्हणून तुम्हीआम्ही बजावला पाहिजे.